जावळाचा कुंचला

नास्का, १८ नोव्हेंबर १९९०

नेलिदा,

हे पत्र तुझ्या एदेलमिरा मावशीचं आहे. अक्षर ओळखू येणार नाही, म्हणून आधीच सांगते. टेबलाचा एक पाय आखूड झालाय, त्यामुळे ओळी डोंगर चढतात.

तीन वर्षं मी तुला लिहिलं नाही आणि तूही मला लिहिलं नाहीस, म्हणजे फिटंफाट. तुझ्या आईमागे तुला वाढवली, माती मळायला शिकवली, कुंचला हातात दिला, आणि तू एका टायरवाल्याच्या ट्रकमध्ये बसून लिमाला निघून गेलीस. पण ते उगाळायला हे पत्र नाही. उगाळायचं असतं तर कागद पुरला नसता.

परवा संत्र्यांच्या ट्रकवरचा चेपो अंगणात पाणी प्यायला थांबला होता. म्हणाला, "तुमच्या नेलिदाची पोर पाहिली. दीड वर्षाची होऊन गेली, केस खांद्याला लागलेत, अजून कात्री लावलेली नाही." मुलगी झाल्याचंच मला ठाऊक नव्हतं. मी म्हटलं, हो तर, कळलंय मला.

तुझ्या जावळाचा कुंचला संपला गं. त्याच कुंचल्याने मी इतकी वर्षं देवमाशाचे दात काढले, मुखवट्यांच्या मिशा काढल्या, ठिपक्यांच्या मांजराच्या पापण्या काढल्या. आता चार केस उरलेत. दुकानातला कुंचला चालत नाही, हे तुला नव्याने सांगायला नको. आईच्या पोटातून आलेला केस टोकाला निमुळता असतो. त्याला एकदा कात्री लागली की टोक बोथट होतं, आणि पुन्हा वाढला तरी ते निमुळतं होत नाही. माणसाच्या जन्मात कुंचल्याचे केस एकदाच येतात.

आणि मडकं तर करायलाच हवंय. दरवर्षी पुकियोचा भुयारी पाट उपसून झाला, जमिनीखालचं पाणी मोकळं झालं, की पहिलं पाणी नव्या मडक्यात भरतात. यंदा ते त्या ग्रिमाल्दो कुंभाराने केलं. दुकानातला डबा फोडून रंग फासला, आणि पाणी भरताक्षणी देवमाशाची शेपटी सुटून पाण्यात आली. लोकांनी तेच पाणी भक्तिभावाने प्यायलं. म्हाताऱ्या तेओदोसियोची जीभ चार दिवस निळी होती. आता सगळे माझ्या दारात येतात. येत्या सप्टेंबरला मडकं माझंच हवं म्हणतात.

मुलीचं नाव काय ठेवलंस?

एदेलमिरा


लिमा, ९ डिसेंबर १९९०

मावशी,

पाकिटावरचं अक्षर पाहून रुफो म्हणाला, कुणीतरी चालत्या बसमध्ये लिहिलंय. मी मात्र पहिल्याच ओळीला ओळखलं. असं टोचून दुसरं कोण लिहिणार?

तिचं नाव कासिल्दा. आईचं नाव ठेवलं. तुला विचारायला हवं होतं, पण तेव्हा आपण बोलत नव्हतो.

आम्ही ठीक आहोत. वाळूवरच्या या वस्तीत आता पत्र्याऐवजी विटांच्या भिंती उभ्या राहतायत. रुफोने रस्त्याच्या कडेला पंक्चरचं स्वतःचं दुकान टाकलंय. मी एका शिवणकामाच्या कारखान्यात बटणं लावते. मातीला हात लावला नाही. इथे माती नाहीच, नुसती वाळू आहे. पण चुलीमागच्या भिंतीवर मी कोळशाने एक ठिपक्यांचं मांजर काढलंय, हातात शेंगा घेतलेलं, तू शिकवलं होतंस तसं. कासिल्दा जेवताना आधी त्याला एक पावटा भरवते आणि मग स्वतः खाते. भिंतीला पावट्यांचा थर बसलाय.

केस खरंच खांद्याला लागलेत. बसमध्ये बायका मला सांगतात, किती गं ही झिपरी. मी म्हणते, आमच्याकडे असंच असतं.

मावशी, तू केसांसाठी का होईना लिहिलंस, बरं वाटलं. पण यंदा मडकं तू का नाही केलंस? ग्रिमाल्दोला तू कधी अंगणात उभंही केलं नव्हतंस.

तुझी,
नेलिदा


नास्का, ६ जानेवारी १९९१

नेलिदा,

कासिल्दा. ठीक आहे. दुसरं कुठलं नाव ठेवलं असतंस तर मी रागावले असते.

गेल्या वर्षी मी रुसले होते. रुसायचा हक्क फक्त तरुणांना आहे का?

आता नीट ऐक. पहिली बट मी कापणार. ज्याच्या हातून पहिली बट कापली जाते तो त्या मुलाचा पालक होतो, आईबापांचा सोयरा होतो, आणि मेला तरी सोयराच राहतो. त्यामुळे लिमातली कुणी शिष्ट बाई मध्ये घुसायला नको. दुसरी बट तेओदोसियो कापेल, तिसरी शेजारची ब्राउलिया. तिला नाही बोलावलं तर ती वर्षभर माझ्या कोंबड्यांना दगड मारेल. इस्टरच्या आठवड्यात ये. दोन गिनीपिग आजपासून मक्यावर ठेवलेत. ब्राउलिया मक्याची दारू, चिचा, लावणार आहे. तोवर कात्री घरातून नाहीशी कर.

त्या टायरवाल्यालाही आण. अंगणात उभं राहायला त्याला मनाई नाही.

मडक्याची माती मळून ठेवली आहे. दोन तोट्या, मध्ये पूल, पोट मोठं. यंदाही देवमासाच काढायचा. नदीला अजून पाणी आलेलं नाही. डोंगरात ढग दिसतात, असं लोक म्हणतात.

मावशी


लिमा, २० मार्च १९९१

मावशी,

इस्टरला येणं जमत नाही. बसचं भाडं परवडत नाही आणि रुफोच्या दुकानात माणूस नाही. राग मानू नकोस. गिनीपिग ब्राउलियाबरोबर खा.

नेलिदा


नास्का, १४ एप्रिल १९९१

नेलिदा,

हे पत्र होतं की तार? शब्दामागे पैसे पडतात का तुमच्याकडे?

गिनीपिग मी खाल्ले नाहीत. एकाला तेवढ्यात पिल्लं झाली, म्हणजे तो 'तो' नव्हताच. चिचा मात्र आंबली, आणि तेओदोसियो ती पिऊन माझ्या भट्टीत झोपला.

रेडिओवर रोज पटकीचं सांगतात. लिमात दवाखान्यांत जागा नाही म्हणे. तुम्ही पाणी उकळता ना? रस्त्यावरचं काही त्या पोरीच्या तोंडात घालू नकोस. आणि एक विचारते. डिसेंबरच्या पत्रात तू तिच्याबद्दल पान भरून लिहिलंस. मार्चच्या पत्रात तिचं नावही नाही. ती बरी आहे ना?

मडकं घडवून झालं. सावलीत सुकलं. त्यावर पांढऱ्या मातीचा हात दिला आणि तुझ्या आईच्या गारगोटीने घोटून घोटून इतकं गुळगुळीत केलं की माशी बसली तर घसरेल. आता ते कोपऱ्यात कापडाखाली आहे. मडकं तयार, मावशी तयार, रंग तयार. कुंचला तेवढा लिमात कुणाच्या तरी डोक्यावर वाढतोय.

सप्टेंबरात पुकियो उपसतील. त्याआधी रंगवणं, त्याआधी कुंचला. तू हुशार आहेस, हिशेब तूच कर.

मावशी


लिमा, २३ जून १९९१

मावशी,

कासिल्दा बरी आहे. खूप बडबडते. कुत्र्यालाही मांजर म्हणते.

आम्हाला सप्टेंबरपर्यंत येता येणार नाही असं दिसतं. मडकं अडायला नको म्हणून केस पाठवते. इथेच कापले. कागदात गुंडाळून वर रिबीन बांधली आहे. तूच पहिली बट कापलीस असं समज. मनात मी तसंच म्हटलं.

नेलिदा


नास्का, २१ जुलै १९९१

नेलिदा,

केस मिळाले. मी ते धुतले, विंचरले, मेण लावलेल्या दोऱ्याने बांधून वेताच्या काडीत बसवले. मग टोक ओठावर टेकवलं.

पोरी, ओठाला फसवता येत नाही. हे केस एकदा कापून पुन्हा वाढलेले आहेत. प्रत्येक केस टोकाला काडीसारखा. तरीही एक रेघ ओढून पाहिली. रेघ फाटली.

म्हणजे जावळ आधीच उतरवलं होतंस. कधी? इस्टरला भाडं नव्हतं, ते खोटंच. तिकडे कुणाला तरी मांडीवर बसवायला दिलं असशील. कारखान्याच्या मालकिणीला? चांगले कपडेलत्ते देणारी सोयरीण मिळाली असेल. मिळू दे. मी कोण, मातीत हात घालणारी म्हातारी, मी काय देणार होते? पण मग तसं लिहायचं होतं. उरलेसुरले केस रिबीन बांधून पाठवलेस, जणू मी कुंचल्याची भुकेली होते.

ग्रिमाल्दोला निरोप धाडलाय, मडकं तुलाच करायचं तर कर म्हणून. यंदा त्याला निदान मातीचा रंग लावून मग भाजायला सांगा, असं तेओदोसियोला म्हटलं.

एदेलमिरा


लिमा, ४ ऑगस्ट १९९१

मावशी,

ग्रिमाल्दोला थांबव. हे पत्र वाचून होईपर्यंत तरी थांबव.

फेब्रुवारीच्या शेवटी कासिल्दाला पटकी झाली. सकाळी पावटे खाऊन खेळत होती, आणि दुपारी तिचे डोळे आत गेले. चिमटा काढला तर कातडी तशीच उभी राहायची. रुफोने तिला खांद्यावर टाकून दवाखान्यापर्यंत पळत नेलं. व्हरांड्यातसुद्धा खाटा होत्या. हातात शीर सापडेना. पायात सापडेना. एक नर्स आली, तिने माझ्याकडे पाहिलंही नाही, वस्तरा घेतला आणि कानाच्या वरचे केस सरसर उतरवले. अर्धं डोकं. मी ओरडले, "तिला अजून कात्री लावलेली नाही." ती म्हणाली, "बाई, केस येतील. धरा हिला." मी धरलं. डोक्याच्या शिरेत सुई गेली, आणि सलाइनची बाटली टपटप गळायला लागली.

तिसऱ्या दिवशी कासिल्दाने डोळे उघडून मांजर मागितलं.

नर्सने ते केस कापडाच्या पट्टीत गुंडाळून माझ्या खिशात घातले होते. कधी, ते कळलंही नाही. उरलेलं अर्धं डोकं रुफोने घरी सारखं केलं आणि ते केस चुलीत टाकले, बसमध्ये लोक बघत होते म्हणून. पट्टीतले मात्र मला टाकवेनात आणि जवळही ठेववेनात. डब्यात घालून डबा छपरावर ठेवला.

तुला काय लिहिणार होते? जावळ उतरलं ते असं. ना अंगण, ना चिचा, ना तू. मरणाच्या दारात उतरलेले केस. त्यांचा कुंचला करून पहिल्या पाण्याच्या मडक्यावर फिरवायचा? मला भीती वाटली. मग नवे केस वाढले, ते मला स्वच्छ वाटले, म्हणून ते पाठवले. ओठाची गोष्ट मी विसरले होते.

कुणीही मालकीण नव्हती, मावशी. त्या नर्सचं नावही मला माहीत नाही.

पट्टी सोबत पाठवते. उघडली नाही. तुला फेकाविशी वाटली तर फेक. मी खरंच तुला दुसरं काही देऊ शकत नाही.

नेलिदा


नास्का, १८ ऑगस्ट १९९१

नेलिदा, माझे बाई,

पत्र ब्राउलियाकडून वाचून घेतलं. "तिसऱ्या दिवशी मांजर मागितलं" इथे ती थांबली आणि ॲप्रनने नाक पुसत बसली. मी म्हटलं, पुढे वाच, रडायचं नंतर. मग दोघी रडलो.

ब्राउलियाकडून का, ते आता सांगते. टेबलाचे चारही पाय सारखेच आहेत. माझ्या डोळ्यांपुढे दूध सांडलंय. तू गेलीस त्याच वर्षी सांडायला लागलं. माती हाताला कळते, घोटणं हाताला कळतं, भट्टी गालाला कळते. रेघेला मात्र डोळाच लागतो. गेल्या वर्षी मी रुसले नव्हते, मला देवमाशाचं तोंड दिसत नव्हतं. ग्रिमाल्दोला मडकं मीच दिलं, आणि गावाला सांगितलं की रुसले. आंधळी म्हणवून घेण्यापेक्षा भांडकुदळ म्हणवून घेतलेलं बरं.

आता तू विचारशील, मग कुंचला कशाला हवा होता. तूच सांग कशाला. मला 'घरी ये' असं लिहिता येईना. कुंचला मागणं सोपं होतं. या घरात त्याने रेघ ओढू शकेल असा हात एकच आहे, आणि तो लिमात बटणं लावतोय.

पट्टी उघडली. आत थोडं वाळलेलं रक्त होतं. कोमट पाण्यात धुतलं. आतला एकेक केस सुईसारखा निमुळता आहे. कुंचला बांधला आणि ओठाला लावला. तुझ्या कुंचल्यापेक्षा चांगला झालाय, राग मानू नकोस.

मरणाच्या दारातले केस म्हणतेस. अगं, मडक्यावरचा आपला देवमासा हातात काय धरतो? माणसाचं डोकं. आणि त्या डोक्याच्या तोंडातून काय उगवतं? शेंगा. लहानपणी तूच मला विचारायचीस, एवढा दातांचा राक्षस पाण्याच्या मडक्यावर कशाला? मी सांगायचे, पाणी त्याच्याकडेच असतं, मागायचं तर त्याच्याकडेच मागायचं. भिऊन त्याच्याकडे पाठ फिरवली तर पाणी कोण देईल? हे केस त्याच्या दातांपर्यंत जाऊन परत आलेत. यांच्याइतकं त्याला दुसरं कोण ओळखतं?

आता माझा राग ऐक. सहा महिने झाले आणि त्या नर्सचं नाव विचारलं नाहीस? काखेत कळसा आणि गावाला वळसा. कासिल्दाची पहिली बट तिने कापली. म्हणजे पालक ती. तुझी सोयरीण ती, माझीही तीच. मी पालक होणार म्हणून हट्ट धरला होता, तो सोडला. तिने बट कापली तेव्हा पोर जिवंत राहिली, यापेक्षा चांगला हात मला कुठून आणता येणार होता? दवाखान्यात जा. तिला शोध. नाव विचार. आणि तिला सांग की नास्कात तिचं एक घर आहे आणि तिथे दोन गिनीपिग तिची वाट पाहतायत. आता सात झालेत.

पुकियो सप्टेंबरच्या तिसऱ्या रविवारी उपसणार. ग्रिमाल्दोला थांबवलं. तो म्हणाला, बरं झालं, मलाही धाकधूकच होती.

घरी ये.

मावशी


लिमा, ३० ऑगस्ट १९९१

मावशी,

सापडली. तिचं नाव ओर्तेन्सिया. मी तिला व्हरांड्यात गाठलं आणि म्हटलं, "तुम्ही माझ्या मुलीची पहिली बट कापलीत." ती म्हणाली, "बाई, फेब्रुवारीत मी किती डोकी भादरली, मला आठवत नाही. तक्रार करायची असेल तर वर जा." मग मी तिला तुझं पत्र वाचून दाखवलं, गिनीपिगांसकट. ती औषधांच्या ट्रॉलीला टेकून उभी राहिली. म्हणाली, तेव्हापासून कुणीही परत येऊन सांगितलं नव्हतं की मूल जगलं. जगलेले येत नाहीत, त्यांना घरी कामं असतात. ती डोंगरातल्या आयाकुचोची आहे, तिला आपल्या रीती सांगाव्या लागल्या नाहीत. रविवारची सुट्टी मागते म्हणाली.

आम्ही तिघं सात तारखेला निघतो. रुफो दुकानाला कुलूप लावतोय. परतीचं तिकीट काढलेलं नाही.

चार वर्षं मी कुंचल्याने रेघ ओढलेली नाही, मावशी. हात थरथरला तर?

नेलिदा


नास्का, २९ सप्टेंबर १९९१

कोमाद्रे, सोयरीण ओर्तेन्सिया,

शब्द माझे, अक्षर नेलिदाचं. त्यामुळे या वेळी ओळी सरळ आहेत.

पुकियोच्या दिवशी तू संध्याकाळच्या बसने गेलीस ते बरं केलंस, नाहीतर गावाने तुला इथेच नेमून घेतलं असतं. दोन आठवडे झाले तरी तुझंच नाव निघतं. आजोबा-पणजोबांपासून पहिलं पाणी मडक्यातून थेट ओठाला लागत आलं, आणि तू सगळ्यांपुढे हात आडवा धरून म्हणालीस, "उकळल्याशिवाय एक थेंब नाही." तेओदोसियो म्हणाला, "बाई, हे पवित्र पाणी आहे." तू म्हणालीस, "पवित्र पाणीही उकळतं." सबंध गाव पातेल्याभोवती बसलं, पाण्याला उकळी फुटायची वाट पाहत. हसू दाबता दाबता माझ्या बरगड्या दुखल्या. ब्राउलिया आता कोंबड्यांचं पाणीसुद्धा उकळते.

कासिल्दाची दुसरी बट मी कापली, तू धरलेल्या डोक्यावरची. वाढलेले केस बोथट होते, चालायचंच. मान कामापुरता नसतो.

आता तुला माहीत नसलेलं सांगते. तू आलीस तेव्हा मडकं भाजून तयार होतं, पण ते कसं झालं ते तू पाहिलं नाहीस. नेलिदा पहिले दोन दिवस मडक्यासमोर नुसती बसून राहिली.

(मावशी, हे कशाला लिहायचं?)

लिही. कुंचला हातात घ्यायची आणि खाली ठेवायची. मी काही बोलले नाही, हे तूही मान्य करशील.

(मान्य. पण दर घटकेला खोकत होतीस.)

तिसऱ्या दिवशी कासिल्दा येऊन मडक्याजवळ उभी राहिली आणि आईला म्हणाली, "मांजर." तिला मांजरच हवं होतं. तेव्हा नेलिदा हसली, आणि हसता हसताच पहिली रेघ ओढली. मला रेघ दिसत नाही, पण ऐकू येते. चांगला कुंचला मडक्यावर चालताना रेशमासारखा आवाज करतो. तो आवाज मध्ये कुठेही तुटला नाही. मी चुलीकडे तोंड करून कांदा चिरायला घेतला, म्हणजे कुणी काही विचारायला नको.

भट्टी रुफोने लावली. वाळलेल्या वारांगो झाडाची लाकडं कमी पडली, तर हा म्हणतो, मावशी, एक जुना टायर टाकू का, मस्त पेटतो. मी पळी घेऊन अंगणभर त्याच्यामागे धावले. देवमासा काळा झाला असता, आणि वर पंक्चरवाल्याचा शिक्का. पण एक कबूल करते, पुकियोच्या सगळ्यात अरुंद भोकात दोर बांधून उतरला तो हाच. बाकीचे सगळे पोटवाले. आता त्याला गावात कुणी टायरवाला म्हणत नाही, मी सोडून.

परवा दुपारी मडकं मांडीवर घेऊन बसले होते. कासिल्दा आली. मी तिला म्हटलं, मला दिसत नाही, तू दाखव. तिने माझं बोट धरलं आणि मडक्यावर फिरवलं. हे दात. हा डोळा. हे पर. हा हात. मग बोट एका जागी थांबलं.

मी विचारलं, "हातात काय आहे?"

"डोकं."

आमच्या जुन्या मडक्यांवर त्या डोक्याचे डोळे मिटलेले असतात आणि ओठांत काटे टोचलेले असतात. मी शिकवलं तेही तसंच. मी विचारलं, "झोपलंय का ते?"

"नाही. हसतंय."

मग तिने माझं बोट त्या डोक्यावरून फिरवलं. एका बाजूला केसांच्या बारीक बारीक रेघा आहेत म्हणाली, एका बाजूला काहीच नाही. अर्धं भादरलेलं. तोंडातून पावट्याचा वेल निघालाय, वर दोन शेंगा आहेत. नेलिदाने मला यातलं काहीही सांगितलं नव्हतं. आत्ता हे लिहितानाही मान वर करत नाहीये.

"कोण आहे गं ही?" मी विचारलं.

"मी."

"देवमासा तुला कुठे नेतोय?"

पोरीने माझं बोट सोडलं. मी कशी वेडी, असं तिला वाटलं असावं.

"नेत नाही," ती म्हणाली. "आणतोय."

तू म्हणालीस तसं ऑक्टोबरात डोळे दाखवायला लिमाला येते. एक डोळा जरी स्वच्छ झाला तरी पुरे. मला ते डोकं एकदा स्वतः बघायचंय. नेलिदा माझ्यासोबत येईल आणि माझ्याबरोबरच परत येईल. कुंचला इथेच ठेवून येणार आहे ती, पाण्याच्या भांड्याशेजारी.

येताना तुझ्यासाठी अंजीर आणते. धुऊन खा, हे तुला मी सांगायला नको.

तुझी सोयरीण,
एदेलमिरा